टांगा मालकाचा, लगाम आपल्या हाती : खानदेशातील मालवाहतुकीचा इतिहास आणि आपल्यापुढचा प्रश्न

2 सप्टेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड–इंदूर या 309 किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज 18,036 कोटी रुपये. हा मार्ग मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा असा जाणार आहे, म्हणजे जवळजवळ मुंबई–आग्रा महामार्गाच्या कडेकडेने. त्याच्या महिनाभर आधी जालना–जळगाव या 174 किलोमीटरच्या मार्गालाही मंजुरी मिळाली. खानदेशाला रेल्वे हवी ही मागणी जुनी आहे आणि रास्त आहे. तिला आमचा विरोध नाही. पण या सगळ्या आनंदात एक प्रश्न कोणी विचारला नाही. धुळे–जळगावच्या वस्त्यांमधली जी घरे याच महामार्गावर स्टेअरिंग धरून, क्लीनरकी करून, गोणी उचलून जगतात, त्यांचे पुढे काय होणार?

हा प्रश्न सरकार विचारणार नाही, ट्रान्सपोर्ट कंपन्या विचारणार नाहीत. मग तो आपणच विचारायला हवा. आणि नीट विचारायचा असेल तर थोडे मागे जावे लागेल. कारण खानदेशात वाहतुकीचे साधन बदलण्याची ही पहिली वेळ नाही. याआधी ते दोनदा बदलले, आणि दोन्ही वेळा एकच गोष्ट घडली. ओझे वाहणारा माणूस बदलला, त्याचे काम बदलले, पण मालकी त्याच्याकडे आली नाही. आता तिसरा बदल दारात आहे. या वेळी आपण काय करणार, एवढाच या लेखाचा विषय आहे.

ओझे आपले, चाक दुसऱ्याचे

जातिव्यवस्थेने वाहतुकीचीही वाटणी करून ठेवली होती. गावगाड्यात महाराकडे जी कामे होती त्यात सरकारी सामान एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवणे, अंमलदाराच्या मुक्कामाला राबणे, वाट दाखवणे, निरोप घेऊन धावणे ही कामे होती. याचे नाव वेठ. मोबदला म्हणजे वतनाचा तुकडा आणि बलुत्याची भाकर. स्वातंत्र्यानंतर 1958 च्या कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायद्याने या व्यवस्थेचा कायदेशीर आधार संपला. त्यासाठी बाबासाहेबांनी 1928 मध्येच मुंबई विधिमंडळात विधेयक आणले होते. मधली तीस वर्षे विसरू नका. म्हणजे ओझे डोक्यावर घेणे हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतेच. नव्हते ते चाक.

लांब पल्ल्याचा माल त्या काळी बंजाऱ्यांच्या तांड्यांवर चाले. हजारो बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य, कापूस लादून हे तांडे दख्खन आणि माळव्याच्या दरम्यान फिरत. खानदेश हा त्यांच्या वाटेवरचा प्रदेश. मग इंग्रजांनी पक्के रस्ते बांधले, आणि 1860 च्या दशकात जीआयपी रेल्वे भुसावळला पोचली. नेमक्या त्याच वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध (1861–65) सुरू होते, तिकडचा कापूस इंग्लंडला जाणे थांबले होते, आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. जळगाव कापसाची मोठी पेठ झाले ते या रेल्वेमुळे.

व्यापाऱ्याला रेल्वेने पेठ दिली. बंजाऱ्याला काय दिले? त्याचा धंदा एका-दोन पिढ्यांत बसला. 1871 पासून आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांच्या जाळ्यात देशात अनेक ठिकाणी बंजाऱ्यांना ओढण्यात आले. कालपर्यंत ज्याच्या बैलांवर बाजार चालत होता तो आज पोलिसांच्या हजेरीपटावर. आज त्याच समाजातली कुटुंबे ऊसतोडीला जाताना आपण पाहतो.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण पुढच्या सगळ्या युक्तिवादाचा ती पाया आहे. बंजारा हा मजूर नव्हता. बैल त्याचे स्वतःचे होते. तरीही तो वाचला नाही. म्हणजे नुसती मालकी पुरत नाही. ज्या साधनाचे दिवस भरले आहेत त्याची मालकी माणसाला वाचवत नाही, उलट बुडवते.

मजुरी मिळाली, बढती नाही

रेल्वेने आपल्या समाजाला एक गोष्ट दिली हे मान्य केले पाहिजे. रोख पगार. भुसावळसारख्या ठिकाणी रेल्वेच्या कामावर लागलेल्या माणसाला बलुत्यासाठी पाटलाच्या दारात उभे राहण्याची गरज उरली नाही. गावाबाहेर पडण्याची वाट रुळांवरून गेली.

पण त्या वाटेवर वर छत होते. 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी मनमाडला जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष होते बाबासाहेब. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी सांगितले ते याच परिषदेत. हे वाक्य आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणातला रेल्वेचा तपशील आपण फारसा सांगत नाही. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच आयुष्य काढतो, त्याला बढती नाही, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. साध्या पोर्टरची जागासुद्धा त्याला मिळत नव्हती. कारण काय? स्टेशन मास्तर पोर्टरला घरकामालाही वापरी, आणि अस्पृश्याला घरात कसे घेणार? म्हणजे रुळाखालची खडी त्याने बसवायची, पण फलाटावरची पेटी उचलायची नाही.

इंजिन आले, तार आली, वेळापत्रक आले. जात मात्र गाडीला लागलेल्या डब्यासारखी मागोमाग आलीच. जे म्हणतात की तंत्रज्ञान आले की जात आपोआप जाते, त्यांनी मनमाडचे भाषण वाचावे.

ज्या मनमाडहून इंदूरचा नवा मार्ग निघणार आहे ते मनमाड हेच.

चाळीसगावची तडजोड

आता चाळीसगावकडे या. साल 1929. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सभासद होते. त्या कामाने ते खानदेशात आले होते. धुळे मार्गावरच्या एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याची माहिती घेऊन ते चाळीसगाव स्टेशनात परतले. वस्तीतली माणसे हार घेऊन उभी होती. महारवाडा दोन मैलांवर, मध्ये नदी. स्टेशनाबाहेर टांगे उभे होते. तरीही तासभर बाबासाहेबांना थांबावे लागले. कारण त्यांना कळेना.

अखेर टांगा आला. दोनशे पावले जातो न जातो तोच समोरून आलेल्या मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या फरशी पुलावर वळण घेताना घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि टांगा घोड्यासकट नदीत पडला. त्यांचा पाय मोडला.

नंतर खरी हकीकत कळली. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. आणि आपल्या पुढाऱ्याने पायी चालत यावे हे वस्तीला सहन होणारे नव्हते. मग तडजोड झाली. टांगा मालक देईल, भाडेही घेईल, पण हाकणार नाही. हाकणारा तुमचा तुम्ही आणा. वस्तीतल्या एकाने लगाम हाती घेतला. त्याने आधी कधी टांगा हाकला नव्हता, कारण तो धंदा आपल्याला खुलाच नव्हता.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणांत बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहिला आहे. 1901 मध्ये कोरेगावला वडिलांकडे जाताना असाच अनुभव त्यांना लहानपणी आला होता. मसूर स्टेशनवर गाडीवाला दुप्पट भाडे घेऊन तयार झाला, पण गाडी पोरांनीच हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. अठ्ठावीस वर्षांत पोराचा बॅरिस्टर झाला, पण अट तीच राहिली. भाडे घेईन, गाडी देईन, शेजारी बसणार नाही.

चाळीसगावच्या प्रसंगाचा अर्थ आपण बहुतेक वेळा एवढाच सांगतो की बॅरिस्टर झालेल्या माणसालाही टांगेवाला कमी लेखत होता. तो अर्थ खराच आहे. पण बाबासाहेबांनी त्यातून आपल्या माणसांबद्दलही एक कडू गोष्ट सांगितली आहे. पाहुण्याच्या प्रतिष्ठेपेक्षा त्याचा जीव महत्त्वाचा, हे त्या मंडळींच्या लक्षात आले नाही. प्रेम होते, मान राखायचा होता, पण कौशल्याचा आणि सुरक्षिततेचा विचार नव्हता.

म्हणून आम्ही त्या तडजोडीकडे तीन बाजूंनी पाहतो. वाहन कोणाचे? हाकण्याचे कौशल्य कोणाकडे? आणि अपघात झाला तर हाड कोणाचे मोडते? 1929 मध्ये वाहन त्यांचे, कौशल्य त्यांचे, हाड आपले. 2029 मध्ये या घटनेला शंभर वर्षे होतील. तोवर या तीन प्रश्नांची उत्तरे किती बदलली आहेत, ते आता पाहू.

स्टेअरिंग आले, गाडी आली नाही

मोटार आली तेव्हा 1939 चा मोटार वाहन कायदाही आला. भाड्याने माल वाहायचा तर परिवहन प्राधिकरणाचा परवाना हवा. परवान्याला ओळख लागते, गाडीला भांडवल लागते, भांडवलाला तारण लागते. ज्याच्याकडे अडत होती, जिनिंग होते, बागायती जमीन होती, त्याच्याकडे या तिन्ही गोष्टी होत्या. वतनाच्या तुकड्यावर कोण कर्ज देणार होते? 1988 च्या कायद्याने मालवाहतुकीचे परवाने बरेच मोकळे केले. त्याच कायद्यात शहरी बसमार्गांवर परवान्यांची संख्या मर्यादित केली तर अनुसूचित जाती-जमातींसाठी त्यात राखीव वाटा ठेवण्याची तरतूद आहे. मालट्रकला असे काही नाही. तिथे बाजार खुला. खुल्या बाजारात तोच उतरतो ज्याच्याकडे आधीपासून काही असते.

आपल्याला मिळाले ते स्टेअरिंग. धुळे हे जुन्या राष्ट्रीय महामार्ग 3 आणि 6 च्या छेदावरचे शहर. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन्ही रस्ते इथे एकमेकांना कापतात, आणि सोलापूरकडचा रस्ता इथूनच फुटतो. जळगावची डाळ, पाईप, रावेर–यावलची केळी, दोंडाईचा–नंदुरबारची मिरची, दीपनगरच्या वीज केंद्राची राख, सगळे चाकावर चालते. एमएच 18 आणि एमएच 19 च्या या गाड्यांवर बौद्ध, मातंग, भिल्ल, पावरा, बंजारा आणि मुस्लिम वस्त्यांतली पोरे आधी क्लीनर म्हणून चढली आणि मग ड्रायव्हर झाली. चाळीसगावच्या त्या दिवशी जे कौशल्य वस्तीत कोणाकडेच नव्हते ते आज गल्लीगल्लीत आहे. ही कमाई आहे, तिला आम्ही कमी लेखत नाही.

पण वाहन अजून त्यांचेच आहे. अपमानाची दिशा तेवढी फिरली. तेव्हा टांगेवाल्याला आपल्याला बसवून हाकणे कमीपणाचे वाटत होते. आज गाडीच्या मालकाला हाकणेच कमीपणाचे वाटते. तो हुंडेकऱ्याच्या ऑफिसात बसतो, किंवा बसतही नाही, मोबाइलवर गाडी कुठे आहे ते पाहतो. गाडी देईन, हाकणार नाही, ही तडजोड तशीच चालू आहे.

आणि हाड? तेही आपलेच आहे. 15 फेब्रुवारी 2021 च्या पहाटे यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला आणि मालावर बसून घरी निघालेले किमान 15 मजूर त्याखाली मेले. मजुरांना घरी पोचवायला वेगळी गाडी नव्हती, माल पोचवायला मात्र होती. 4 जुलै 2023 रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसला आणि किमान 10 माणसे गेली. अशा प्रत्येक वेळी बातमी ‘चालकाचे नियंत्रण सुटले’ एवढ्यावर संपते. गाडीचे ब्रेक कोणी तपासायचे, ड्रायव्हर किती तास जागा होता, त्याला ती वेळ कोणी ठरवून दिली, हे कोणी विचारत नाही.

तासांचा प्रश्न कायद्याने सुटलेला आहे असे कोणी म्हणेल. खरे आहे. मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी ज्या कामाचा पाया घातला त्यातून 1946 मध्ये कारखान्यातला आठवडा 54 वरून 48 तासांवर आला. तेच 48 तास 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ड्रायव्हरलाही दिले, दिवसाला 8. पण पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यालाच तो कायदा लागू. मग दोन गाड्या स्वतःच्या नावावर, दोन भावाच्या, दोन बायकोच्या. कायदा संपला. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 1961 चा कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत विरघळला. तिथे ही मर्यादा पाचावरून दहावर गेली. ज्या देशात बहुसंख्य ट्रकमालकांकडे पाचपेक्षा कमी गाड्या आहेत, तिथे दहाची मर्यादा म्हणजे बहुसंख्य ड्रायव्हर कायद्याबाहेर.

तुलना करून पाहा. एकाच महामार्गावर दोन ड्रायव्हर जातात. एक एसटीचा, एक ट्रकचा. रस्ता तोच, वळणे तीच. एसटीच्या ड्रायव्हरला ड्युटी ठरलेली आहे, भविष्य निर्वाह निधी आहे, भरतीत आरक्षण आहे, आणि पगारासाठी 2021–22 मध्ये सहा महिने लढण्याची ताकद आहे. ट्रकच्या ड्रायव्हरला खेपेचा भत्ता आहे. फरक हातांत नाही. एकाच्या मागे कायदा आणि संघटना आहे, दुसऱ्याच्या मागे फक्त माल आहे.

पुढे काय येते आहे

आज देशातला सुमारे 70 टक्के माल रस्त्याने जातो. राष्ट्रीय रेल्वे आराखड्याचे उद्दिष्ट 2030 पर्यंत रेल्वेचा वाटा 45 टक्क्यांवर नेण्याचे आहे. ते वेळेत होईल असे नाही, पण दिशा स्पष्ट आहे. लांब पल्ल्याचा माल रुळावर जाईल आणि ट्रकला स्टेशनपासून गोदामापर्यंतचा छोटा पल्ला उरेल. केळीच्या बाबतीत ही सुरुवात आपण पाहिली आहे. रावेर–सावद्याहून केळी रेल्वेनेही जातात.

दुसरा बदल इंजिनाचा. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत विजेवरच्या ट्रकला 9.6 लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे. पण हा ट्रक डिझेलच्या गाडीपेक्षा दुपटीहून महाग, आणि अनुदानासाठी जुनी गाडी भंगारात काढल्याचा दाखला हवा. हे अनुदान कोणाला मिळेल? ज्याच्याकडे भंगारात काढायला गाडी आहे आणि नवी घ्यायला पत आहे त्याला. दुसरीकडे 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरच्या जड गाडीच्या फिटनेसची फी 12,500 रुपये झाली. प्रदूषण कमी झाले पाहिजे, त्याचा धूर आपल्याच वस्त्या खातात. पण जुनी गाडी ही गरीब मालकाची गाडी असते, हेही तितकेच खरे.

तिसरा बदल ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या गाडीचा. 2025 मध्ये अमेरिकेत टेक्सास राज्यात डल्लास–ह्यूस्टन रस्त्यावर असे मालट्रक धंद्यासाठी धावू लागले. आपल्याकडे रस्तेमंत्री नितीन गडकरी अशा गाड्या येऊ देणार नाही असे सांगतात. ते उद्या सकाळी पारोळ्याच्या रस्त्यावर येणार नाहीत. पण चोवीस वर्षांच्या पोराने आज लायसन्स काढले तर त्याला अजून पस्तीस वर्षे काम करायचे आहे. मंत्र्याचा शब्द तेवढा टिकत नाही.

सगळेच वाईट आहे असेही नाही. 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा इंजिनाच्या उष्णतेवर बसणाऱ्याला याचा अर्थ कळतो. छोटा पल्ला झाला तर ड्रायव्हर रात्री घरी येईल, पोरांचे तोंड पाहील. म्हणून बदल अडवा, असे आम्ही म्हणत नाही. बदलात आपला वाटा काय, असे विचारतो.

आणि इथेच बंजाऱ्यांच्या बैलांची आठवण ठेवा. आपल्या वस्तीत एखादा मेहनती ड्रायव्हर पंधरा वर्षे दुसऱ्याची गाडी चालवतो, बायकोचे दागिने मोडतो आणि खासगी फायनान्सवर दहा-बारा वर्षे वापरलेला ट्रक घेतो. काचेवर ‘जय भीम’ लिहितो. आपण पेढे खातो. हप्ते थकले की फायनान्सवाले गाडी ओढून नेतात. त्याची हिंमत मोठी आहे, पण मोडीत निघणारे साधन एकट्याने कर्जावर घेणे म्हणजे रेल्वे भुसावळला येऊन पोचल्यावर बैल विकत घेण्यासारखे आहे. काचेवर जय भीम आणि खाली विमा नाही, ही चाळीसगावचीच चूक आहे. मान राखला, जीव राखला नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच शिकलेल्या मंडळींचा. ‘ड्रायव्हरकीचे काय घेऊन बसलात? पोरांना शिकवा, कलेक्टर करा.’ शिकवायचेच आहे. पण ज्याचे वय चाळीस आहे, ज्याच्याकडे जड वाहनाचे लायसन्स आहे, त्याला उद्या काय सांगणार? शिवाय ड्रायव्हरकी हा जातीने लादलेला धंदा नाही. जातीने आपल्याला ज्यापासून दूर ठेवले तो हा धंदा. कायद्यानेही अडथळे घातलेच. व्यावसायिक वाहनाच्या लायसन्सला आठवी पासची अट होती, ती 2019 मध्ये उठली. ज्याला शाळेने आठवीआधी बाहेर टाकले त्याला स्टेअरिंगवरूनही बाहेर ठेवणारी ती अट होती.

दुसरा आक्षेप असा, की रस्त्यावर जात नसते, ढाब्यावर सगळे एका खाटेवर जेवतात. खाटेवर असेल. मालकीच्या कागदावर, अडत्याच्या ओळखीत, बँकेच्या तारणात पाहा. बाबासाहेबांनी जातीला श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी म्हटले. ही विभागणी ढाब्यावर दिसत नाही, गाडीच्या आरसी बुकावर दिसते. जानेवारी 2024 मध्ये भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) विरुद्ध ड्रायव्हर रस्त्यावर उतरले. अपघातानंतर न कळवता पळून गेल्यास 10 वर्षांपर्यंत शिक्षा असे ते कलम. दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि सरकारला ते कलम थांबवावे लागले. सगळ्या जातिधर्मांचे ड्रायव्हर त्यात एकत्र होते. एवढी ताकद आहे. पण ती शिक्षेविरुद्ध उभी राहिली, तास, विमा आणि मालकी यांसाठी अजून उभी राहिलेली नाही.

मग करायचे काय

एक. आपली नोंद आपण करू. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या प्रत्येक वस्तीत ड्रायव्हर किती, क्लीनर किती, हमाल किती, स्वतःची गाडी किती जणांची, कर्ज कोणाचे, विमा आहे का. समाजशास्त्र शिकलेल्या पोरापोरींनी हे काम हाती घ्यावे. आकडे हातात नसतील तर मागणी हवेत राहते.

दोन. कामाचा पुरावा जपायला शिकवू. ड्रायव्हरचा कामावर मृत्यू झाला तर वारसांना भरपाई मिळण्याचा हक्क 1923 च्या कायद्यापासून आहे. पण तो ड्रायव्हर त्या मालकाकडे होता हे सिद्ध करताना विधवेची दमछाक होते. बिल्टीचा फोटो, भत्त्याची नोंद, मालकाचे मेसेज घरी ठेवा. नियुक्तिपत्र मागा.

तीन. ड्रायव्हरसाठी माथाडी मंडळासारखे मंडळ मागू. 1969 च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्राने देशाला दाखवून दिले की ज्या कामगाराचा मालक रोज बदलतो त्यालाही मजुरी, निधी, सुट्टी देता येते. मालधन्याकडून लेव्ही घ्यायची आणि मंडळामार्फत कामगाराला द्यायची. मालक सापडत नाही ही सबब आता चालणार नाही. 2018 पासून 50,000 रुपयांवरच्या आंतरराज्य मालाला ई-वे बिल लागते. प्रत्येक खेपेची, गाडीची, मालधन्याची नोंद सरकारकडे आहे. कर वसूल करायला जी नोंद चालते ती ड्रायव्हरच्या निधीसाठी का चालू नये? प्रत्येक ई-वे बिलावर छोटी लेव्ही, आणि एका गाडीच्या मालकापासून सर्वांना ती लागू, ही आपली मागणी असली पाहिजे. रिक्षा-टॅक्सी चालकांसाठी राज्यात कल्याणकारी मंडळ होऊ शकते, तर ट्रकसाठीही होऊ शकते.

चार. मालकी एकट्याने नको, मिळून हवी, आणि नव्या साधनाची हवी. दहा ड्रायव्हरांची सहकारी संस्था, दोन नव्या गाड्या, ठरलेले काम. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून 4 टक्के खरेदी करण्याचे केंद्राचे 2012 चे धोरण आहे, त्यात सेवाही येतात. भुसावळ–वरणगावचे आयुध कारखाने, रेल्वे, तेल कंपन्या यांच्या वाहतुकीच्या निविदांत या 4 टक्क्यांचे काय झाले, हे माहिती अधिकारात विचारा. महात्मा फुले महामंडळाकडे एका टेम्पोची फाईल घेऊन जाण्यापेक्षा संस्थेची फाईल घेऊन जा.

पाच. नव्या मार्गावर आपला दावा आजच सांगू. मनमाड–इंदूर मार्गावर मालाची स्थानके होतील, क्रेन येतील, गोदामे होतील, विजेच्या गाड्यांची दुरुस्ती लागेल. ती कामे कंत्राटदार ठरवण्याआधी आपल्या पोरांनी आयटीआयमधून शिकलेली असली पाहिजेत. नाहीतर 1938 चा गँगमन 2038 मध्ये कंत्राटी हमाल म्हणून पुन्हा उभा राहील.

दरवर्षी 31 जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो, बाबासाहेबांच्या 1937 च्या मुक्कामाची आठवण म्हणून. खालून महामार्ग जातो, ट्रक चालूच असतात. येत्या 31 जुलैला तिथे पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल लावू. ड्रायव्हर-क्लीनर-हमालांच्या नोंदणीचे. ज्या गावातून कार्यकर्ते येतील त्यांनी आपल्या वस्तीची यादी सोबत आणावी. पहिल्या वर्षी शंभर नावे झाली तरी काम सुरू झाले असे समजू.

जय भीम!